होडीचा रंग आणि माझी लाल रेघ

"दांडिया बाजारातल्या माणसाला होडीच्या रंगातलं काय कळतं?" असं आमची ही म्हणाली. तिचंही चुकत नाही, बडोदेकरांनी होडी पाहिली ती सुरसागरात. पण माझा भाचा मालवणला पर्यटकांसाठी फायबरची होडी चालवतो. त्याने रंगकामाची दोन कोटेशनं पाठवली, "मामा, तुम्ही बँकवाले, बघून सांगा." एकात सगळी होडी स्प्रेने चकचकीत, वर निळा पट्टा. दुसऱ्यात तळाला महागडा अँटीफाउलिंग रंग रोलरने, वरचा भाग साध्या ब्रशने. मी दुसरं घे म्हटलं. त्याला पटेना.

तळाचा रंग शोभेचा नसतो हो. त्यात तांब्याचं संयुग असतं, ते पाण्यात हळूहळू सुटतं आणि शेवाळ, कवचवाले जीव चिकटू देत नाही. इनॅमलला हे जमत नाही. तळ खरखरीत झाला की होडी जड चालते, इंधन जास्त जातं. होडी रोज वाळूवर ओढत असता तर एवढं महाग घेऊच नको म्हटलं असतं, पण याची रात्रंदिवस पाण्यात नांगरलेली. आणि उघड्या किनाऱ्यावर स्प्रे म्हणजे वाऱ्याबरोबर रंग शेजारच्या होडीवर आणि मारणाऱ्याच्या छातीत. रोलरने थर जाड बसतो, हा रंग झिजतच जाणारा, तेव्हा जाडीच कामाची. जुना थर मात्र कोरडा घासायचा नाही, पाणी मारून घासायचा. ती धूळ विषारी असते.

हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. १९७९ साली माझी बदली कोकणात, किनाऱ्यावरच्या शाखेत झाली. एक मच्छीमार लाकडी होडीच्या कर्जाला आला. एस्टिमेटमध्ये लाकूड, इंजिन, जाळी, आणि शेवटी दोन ओळी: तळाचा रंग, मजुरी. मी म्हटलं, हा देखभालीचा खर्च, भांडवली नव्हे, आणि लाल रेघ मारली. तो एवढंच म्हणाला, "साहेबानु, तळ उघडो रवलो तर किडो लागतलो." मी सही करून कागद पुढे सरकवला.

त्याचे वडील माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे. पण याच्या हातात तेवढेही पैसे उरले नव्हते, होडी तशीच पाण्यात गेली. पुढच्या पावसाळ्याआधी वर ओढली तेव्हा मी बघायला गेलो होतो. फळ्यांना बाहेरून टाचणीएवढी भोकं, बाकी ठीकठाक. त्याने अंगठा दाबला तो सरळ आत गेला. हप्ते थकले. नोटिशीवर सही माझीच. त्याने इंजिन विकून काही रक्कम भरली, माझ्याशी भांडला नाही. माझी बदली झाली तेव्हा त्याने सुक्या बांगड्यांची पिशवी पाठवली. मी ती घेतली.

फायबरला तो किडा लागत नाही, ठाऊक आहे. पण लाकडी होडीला कर्ज देताना पहिल्या वर्षीचा तळाचा रंग धरलाच पाहिजे, हे माझं मत आहे. जुन्या बँकवाल्यांनी खुशाल वाद घालावा.

भाच्याला परवा सांगितलं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्यांच्याच होड्या शाकारलेल्या. त्या ओलसर हवेत घाईने रंग मारू नकोस, मेच्या उन्हातच उरक. तो म्हणाला, "बरं मामा, पण निळा पट्टा तरी मारू दे." म्हटलं, पट्ट्याचे पैसे मी देतो, आधी तळाचं कोटेशन मंजूर कर.