जिल्हा तोडता येतो, राज्याची रेघ नाही

बालाघाट : जनगणनेसाठी जिल्हे आणि तहसिलींच्या सीमा 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्या गेल्या. म्हणजे बैहर वेगळा जिल्हा व्हावा ही जुनी मागणी आता जनगणना उरकेपर्यंत फाईलीतच राहणार. राज्य सरकारने 2024 मध्ये प्रशासकीय घटकांच्या पुनर्रचनेसाठी आयोग नेमला, तेव्हा इकडे आशा वाढली होती.

मागणी चुकीची नाही. बालाघाट जिल्हा 9,229 चौरस किलोमीटरचा, 2011 ची लोकसंख्या 17 लाख. शेजारचा गोंदिया 5,234 चौरस किलोमीटरचा, आणि तोही 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून तोडून काढलेला. छिंदवाड्यातून पांढुर्णा 2023 मध्ये निघाला. जिल्हा करायला राज्य सरकारची अधिसूचना पुरते, महसूल कायद्यातच तो अधिकार दिला आहे. संसदेत जावं लागत नाही.

पण नवा जिल्हा झाला तरी सीमेवरच्या मराठी घरांचं दुखणं जाणार नाही. ते दुखणं बाघ आणि बावनथडी नदीतून जाणाऱ्या रेघेचं आहे. ही रेघ मुळात जिल्ह्याचीच. इंग्रजांनी 1867 च्या सुमारास मंडला, शिवनी आणि भंडारा जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट केला, घाटावरचा ओसाड मुलूख वसवायचा म्हणून. भाषेचा त्यात काही संबंध नव्हता. पुढे 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना करताना साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला गेला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट अख्खा मध्य प्रदेशात राहिला. 31 ऑक्टोबरपर्यंत या लोकांची राजधानी नागपूर होती, 1 नोव्हेंबरला भोपाळ झाली. नव्वद वर्षांपूर्वीची कलेक्टरच्या सोयीची हद्द एका रात्रीत राज्याची सीमा झाली, आणि ती हलवायची तर आता संविधानाचं कलम 3 लागतं.

व्यवहार मात्र थांबला नाही. भरवेली, उकवा, तिरोडीचं मँगनीज काढणाऱ्या मॉईल कंपनीचं मुख्यालय आजही नागपुरात आहे. बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं गोंदिया-तुमसरकडे. अडतं ते कागदावर. इकडे खसरा, तिकडे सातबारा. इकडे जनपद पंचायत, तिकडे पंचायत समिती. एवढं तर माणूस शिकून घेतो म्हणा.

खरी गोची सुनेची. आमगाव किंवा तिरोड्याची मुलगी लांजी-वारासिवनीला दिली, की तिच्या जातीच्या दाखल्याला माहेरचे कागद लागतात, कारण जात वडिलांकडून धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितलं, की एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत जात नाही. मग जात तीच, दोन्ही राज्यांच्या यादीत नावही तेच, तरी सासरी सवलत नाही. गोंड घरातल्या सुनेलाही हेच. उलट महाराष्ट्राने 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आणली, तेव्हा परराज्यात जन्मलेल्या सुनेसाठी नवऱ्याचे कागद चालवून घेतले. महिन्याच्या पैशासाठी जी वाट काढता आली, ती दाखल्यासाठी निघत नाही. न्यायालयाचा निकाल आडवा आहे हे खरं, पण सुनेकडून माहेरचे कागद मागवण्याऐवजी दोन तहसील कार्यालयांनी ते आपसात तपासून घ्यायला कोणता निकाल आडवा येतो?

हे बोलायचं कुठं, हाही प्रश्नच आहे. राज्यांचे आपसातले तंटे मिटवायला 1956 च्याच कायद्याने क्षेत्रीय परिषदा केल्या. त्यात मध्य प्रदेश मध्य क्षेत्रात, महाराष्ट्र पश्चिम क्षेत्रात. एका नदीचं पाणी वाटून घेणारी दोन राज्यं नेहमीच्या बैठकीत एका टेबलावर येतच नाहीत. महाराष्ट्र गोवा-गुजरातसोबत बसतो, मध्य प्रदेश उत्तर प्रदेशासोबत. कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय आहे. बावनथडीचा राजीव सागर प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून केला, म्हणजे गरज पडली की जमतं.

जिल्ह्याच्या मागणीसाठी निवेदनं देणाऱ्या नेत्यांनी जनगणना होईपर्यंतच्या या मोकळ्या वेळात संयुक्त बैठकीची मागणी लावून धरायला हरकत नाही. तिला सीमा गोठल्याची अडचण नाही. बालाघाट, गोंदिया आणि भंडाऱ्याचे खासदार दिल्लीत एकाच सभागृहात बसतात.