गुळवेलीची बाटली आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

सिपनेकांठच्या सेमाडोहास गुळवेल नवी नाहीं. रानांत वावरणारा कोरकू तिला पानाखोडावरून ओळखतो. पण तीच वेल अर्क होऊन बाटलींत उतरली कीं अमरावती-अकोल्याच्या गिऱ्हाइकास ओळखीचें साधन उरत नाहीं. कोरोनाच्या सांथीपासून हा अर्क ‘रोगप्रतिकारशक्ती’ या एका शब्दावर खपत आहे.

गुळवेलींत गुण नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. नागपुरांतील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रुग्णांस आठ आठवडे हा अर्क किंवा औषधरहित गोळी दिली होती. अर्क घेणारांच्या शिंका व नाकाचें वाहणें कमी झालें. परंतु ७५ रुग्णांवरून सर्वांस हमी देतां येत नाहीं. उलट, गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावर, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असें आयुष मंत्रालयाचें म्हणणें पडलें. तेंच खरें धरिलें, तर विकणाऱ्याची जबाबदारी कमी होते कीं वाढते?

आमच्या व्यापारी बंधूंनीं वनस्पतीचें शास्त्रीय नांव, मात्रा व परवाना क्रमांक नसलेली बाटली फळीवर ठेवूं नये. यकृताचा विकार असणारांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये. आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसतांच कोणीही ती तत्काळ थांबवून दवाखाना गांठावा. जुनें तें सोनें खरें. पण सोनें देखील कसास लावूनच घ्यावयाचें असतें.