विश्लेषण : रेल्वेचे वाय-फाय स्थानकाच्या दारातच का थबकले?

नवी दिल्ली : देशातील सहा हजारांहून अधिक रेल्वे स्थानकांवर सार्वजनिक वाय-फाय सुविधा पोहोचली आहे. मात्र स्थानकाचे आवार ओलांडताच ही जोडणी तुटते. वाहतूक यंत्रणेकडील तयार जाळे संपूर्ण शहराच्या उपयोगी का पडू शकले नाही, हा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरतो.

शहरव्यापी वाय-फायमध्ये प्रक्षेपक उपकरणांपेक्षा रस्ते खोदून ऑप्टिकल फायबर टाकणे, वीजजोडणी आणि परवानग्या मिळवणे अधिक खर्चिक असते. रेल्वेकडे या गोष्टी आधीपासून आहेत. रुळांलगतच्या जागेचा लाभ घेऊन दूरसंचार जाळे उभारण्यासाठी २००० मध्ये ‘रेलटेल’ या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली. आज तिच्या फायबर जाळ्याची लांबी ६० हजार किलोमीटरहून अधिक आहे.

याच बळावर ‘गूगल’च्या सहकार्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू झाले. जून २०१८ मध्ये आसाममधील दिब्रुगड हे या उपक्रमातील ४०० वे स्थानक ठरले. मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने माघार जाहीर केली. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याने अशा सेवेची गरज घटल्याचे कारण कंपनीने पुढे केले. अडचण तंत्रज्ञानाची नव्हती, अर्थकारणाची होती. त्यानंतरही रेलटेलने सेवा सुरू ठेवली. २०२१ मध्ये पहिली ३० मिनिटे मोफत ठेवून पुढील वापरासाठी सशुल्क योजना आणल्या.

दिल्ली सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये निराळा मार्ग पत्करला. सरकारी खर्चाने ११ हजार ठिकाणी मोफत वाय-फाय देण्याच्या त्या योजनेत चार हजार केंद्रे बसथांब्यांवर प्रस्तावित होती. बसथांबे शहरभर विखुरलेले असल्याने पोहोच वाढते. परंतु एका प्रक्षेपकाचा पल्ला काही दशक मीटरपुरताच असतो आणि देखभालीचा भार कायम अर्थसंकल्पावर राहतो.

मोबाइल डेटा स्वस्त असताना सार्वजनिक वाय-फाय हवेच कशाला, हा आक्षेप निराधार नाही. तथापि, एकाच फोनवर चालणारे कुटुंब, दैनंदिन डेटामर्यादा दुपारीच संपणारा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार किंवा व्हिडिओ व्याख्यानांवर विसंबलेला विद्यार्थी यांच्यासाठी ती सोय आजही चैनीची बाब नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने यावर तोडगा सुचवला. चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवाना व शुल्काविना वाय-फाय केंद्र चालवू शकते. तरीही २०२२ पर्यंत एक कोटी केंद्रांचे राष्ट्रीय उद्दिष्ट फार दूर राहिले. छोट्या दुकानदारांना व्यावसायिक दराने महागडी जोडणी घ्यावी लागणे, हा त्यातील मोठा अडसर होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये या केंद्रांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा घातली.

रेल्वेच्या जाळ्याचा खरा उपयोग याच टप्प्यावर होऊ शकतो. स्थानक हे फायबरचे अखेरचे टोक न मानता घाऊक वितरणाचे केंद्र मानले, तर स्थानकाबाहेरील झेरॉक्सचे दुकान, अभ्यासिका किंवा बसथांबा तेथून जोडणी घेऊन सेवा पुढे नेऊ शकतो. रेलटेलने २०२२ मध्ये १०० स्थानकांवरील वाय-फाय पीएम-वाणीशी जोडून त्या दिशेने पाऊल टाकले. परंतु ते स्थानकांपुरतेच होते.

गेल्या दशकाचा अनुभव पाहता, खांब, वीज आणि फायबर उपलब्ध असूनही दरमहाचा खर्च कोण उचलणार, हे निश्चित नसेल तर उद्घाटनानंतर सेवा रेंगाळते. रेल्वे, महापालिका आणि स्थानिक व्यावसायिक यांच्यात हा वाटा ठरल्याशिवाय स्थानकातील इंटरनेट शहरात पोहोचणे कठीण आहे.