५० ÷ ८ : एक उदाहरण, चार उत्तरं



आज विषय थोडा वेगळा, पण शेवटी आपल्या चौथीच्या फळ्यावरचाच.

एक्सएमएल स्वरूपात साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची एक संगणकीय भाषा आहे, एक्सक्वेरी. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००७ साली ती प्रमाणित केली. तिच्यात भागाकारासाठी तिरकी रेघ चालत नाही. ती रेघ वाट दाखवायला लागते, शाळा/इयत्ता/पट अशी. म्हणून भागाकाराला 'डिव्ह' हा शब्द वापरतात. वजाबाकीचंही तसंच. 'पट-हजर' असं जोडून लिहिलं तर संगणक ते एकच नाव समजतो. 'पट - हजर' अशी जागा सोडली, तरच वजाबाकी होते.

पण मला सर्वात आवडलं ते पुढचं. तिथे भागाकार एकाच प्रकारचा नाही. ५० डिव्ह ८ म्हणजे ६.२५. ५० आयडिव्ह ८ म्हणजे फक्त पूर्ण भाग, ६. ५० मॉड ८ म्हणजे बाकी, २. आपल्याला काय हवंय, ते आधी ठरवावंच लागतं.

आता मावळातली उदाहरणं घ्या.

१) ५० किलो तांदूळ ८ डब्यांत सारखा भरला. प्रत्येक डब्यात किती? ६.२५ किलो.
२) लोणावळ्याच्या चिक्कीच्या ५० वड्या, एका पाकिटात ८. पूर्ण भरलेली पाकिटं किती? ६.
३) सुट्या वड्या किती उरल्या? २.
४) कार्ल्याची लेणी बघायला ५० मुलं निघाली, एका जीपमध्ये ८. जीप किती लागतील? ७. सहा म्हटलं तर दोन मुलं रस्त्यावरच राहतील!

मांडणी एकच, उत्तरं चार. आपण वर्गात मात्र 'भागाकार ६, बाकी २' लिहिलं की बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. मुलाला क्रिया येते, पण तिचा अर्थ लागला का, हे तपासायचं राहून जातं. शाब्दिक उदाहरणांत मुलं अडखळतात, त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. भागाकाराची दहा उदाहरणं देण्यापेक्षा एकच मांडणी द्या आणि मुलांनाच त्यावर चार प्रश्न तयार करायला सांगा. पालकांनीही वही बघताना 'उत्तर किती आलं?' एवढ्यावर थांबू नये. 'बाकीचं काय केलंस?' हेही विचारावं.

आकडेमोड यंत्र करेलच. कोणती क्रिया लावायची, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं. ते शिकवणं आपलं काम आहे.