बिनतारी घराला कडी हवी

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबाद शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या अवघी काही मिनिटे आधी काही वृत्तवाहिन्यांकडे जबाबदारी स्वीकारणारा ई-मेल येऊन पोहोचला होता. त्या ई-मेलच्या संगणकीय पत्त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तेथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरातील वाय-फाय जोडणीचा बाहेरच्या कोणी तरी परस्पर वापर करून घेतला होता. दारावरची घंटा न वाजवता, उंबरठा न ओलांडता त्या घराचा पत्ता वापरला गेला होता.

हा प्रकार एकदाच घडून थांबला नाही. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून, तर १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या जाळ्यातून असेच ई-मेल पाठवले गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय जाळी शोधण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना वाय-फाय वापरकर्त्यांची ओळख पटवण्याची व्यवस्था करण्याविषयी निर्देश दिले. राऊटर ही घरगुती सोयीची वस्तू तेव्हा प्रथमच कायदा आणि सुव्यवस्थेचा विषय झाली.

आता शहरातील घरोघरी फायबरची जोडणी आली आहे. जोडणीबरोबर राऊटर येतो, तो बसवणारा तंत्रज्ञ पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपून निघून जातो, आणि भिंतीवरचा दिवा लुकलुकू लागला की घरातील मंडळी समाधान पावतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत काय ठरते आणि काय ठरायचे राहून जाते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

एक घर, एक पत्ता

राऊटरचे काम समजून घेतले की धोक्याचे स्वरूपही समजते. घरात फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच, कॅमेरा अशी दहा उपकरणे असली तरी बाहेरच्या जगाला ती वेगवेगळी दिसत नाहीत. साऱ्यांची ये-जा राऊटरमार्फत एकाच आयपी पत्त्यावरून होते. अमुक वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद सेवा पुरवठादाराकडे असते. साहजिकच तपासाची पावले प्रथम त्या ग्राहकाच्या घराकडे वळतात. त्या क्षणी जाळ्यावर घरातील मुलगा होता, शेजारी होता की रस्त्यावर गाडी लावून बसलेला कोणी अनोळखी माणूस होता, हे पत्ता सांगत नाही. ते सिद्ध करण्याचा मनस्ताप घरमालकाच्या वाट्याला येतो.

बिनतारी लहरींना भिंतीचे बंधन नाही, ही यातील दुसरी बाब. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि घरगुती वाय-फायचा मार्ग मोकळा झाला. या पट्ट्यातील लहरी भिंती भेदून जिन्यात, शेजारच्या सदनिकेत आणि खालच्या वाहनतळापर्यंत सहज पोहोचतात. तार असती तर ती ओढण्यासाठी कोणाला घरात शिरावे लागले असते. येथे शिरण्याची गरजच उरत नाही. म्हणूनच या लहरींवरील संदेश कूटबद्ध असणे अत्यावश्यक ठरते.

२००८ च्या सुमारास परिस्थिती बिकट होती. अनेक राऊटर कोणत्याही पासवर्डविना सुरू होत. ज्यांना कुलूप होते त्यातील कित्येकांचे कुलूप ‘डब्ल्यूईपी’ या जुन्या पद्धतीचे होते. त्या पद्धतीतील मूलभूत दोष २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिला होता. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी तर ती एका मिनिटाच्या आत फोडता येते, हे सिद्ध केले. तिच्या जागी आलेली ‘डब्ल्यूपीए-२’ ही पद्धत २००४ पासून उपलब्ध आहे, तर ‘डब्ल्यूपीए-३’ २०१८ मध्ये आली. नव्या राऊटरमध्ये यांपैकी एक असतेच. तेव्हा कुलूप आता बऱ्यापैकी भक्कम आहे. प्रश्न किल्लीचा आहे.

मोबाइल क्रमांकाची किल्ली

राऊटर बसवताना तंत्रज्ञ विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू?’ घरातील कोणाला पटकन काही सुचत नाही आणि मग ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड होऊन बसतो. लक्षात राहायला सोपा, पाहुण्याला सांगायला सोपा. दुर्दैवाने, शोधून काढायलाही तितकाच सोपा.

ही सवय केवळ आपली नाही. २०२१ मध्ये इस्राएलमधील एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून पाच हजार वाय-फाय जाळ्यांचे संकेत गोळा केले. त्यातील सुमारे ७० टक्के जाळ्यांचे पासवर्ड त्याला शोधून काढता आले. याचे मुख्य कारण, तेथेही लोक स्वतःचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवत होते.

आपल्याकडचे गणित मांडून पाहू. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. परंतु राऊटर आणि फोन यांच्यात जोडणी होताना जी देवाणघेवाण होते ती एकदा टिपून घेतली, की पुढचे काम घरी बसून करता येते. संगणकावरील खेळांसाठी मिळणारे एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासू शकते. या वेगाने ४०० कोटी शक्यता तासा-सव्वातासात संपतात. याउलट, यदृच्छेने निवडलेल्या बारा इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड असेल, तर त्याच कार्डाला साऱ्या शक्यता तपासण्यास सुमारे तीन हजार वर्षे लागतील. दोन जास्तीची अक्षरे आणि आकड्यांऐवजी अक्षरे, एवढाच काय तो फरक. पासवर्ड अवघड चिन्हांचा असण्यापेक्षा तो लांब आणि अंदाज न येणारा असणे महत्त्वाचे, ते यासाठी. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी काम भागते. मात्र ते म्हणीतले, गाण्यातले किंवा घरच्यांच्या नावांचे नसावेत.

पंधरा मिनिटांचे काम

राऊटर बसवताना ग्राहकाने कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा? पहिली गोष्ट, राऊटरला एक नव्हे तर दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायला जोडून घेण्याचा आणि दुसरा राऊटरच्या अंतर्गत मांडणीत शिरण्याचा. पहिला दिवाणखान्याच्या दाराची किल्ली आहे, दुसरा तिजोरीची. बहुतेक जण पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच राहू देतात. तो कित्येकदा ‘अ‍ॅडमिन’ एवढाच असतो. तो त्याच दिवशी बदलून घ्यावा.

दुसरी गोष्ट, सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए-३’ किंवा, जुनी उपकरणे असल्यास, ‘डब्ल्यूपीए-२’ निवडलेले आहे याची खात्री करावी. तिसरी, बटण दाबून किंवा पिन टाकून जोडणी करण्याची ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद ठेवावी. तिचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे प्रत्यक्षात अकरा हजारच शक्यता उरतात, हे २०११ मध्ये उघड झाले आहे. चौथी, बाहेरून इंटरनेटवरून राऊटरची मांडणी बदलण्याची सोय बंद असावी. पाचवी, जाळ्याला दिलेले नाव. कारखान्याने दिलेले नाव बदलावे, पण त्यात आडनाव आणि सदनिका क्रमांक घालून शोधणाऱ्याची सोय करू नये. जाळ्याचे नाव लपवून ठेवणे किंवा ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणे हे उपाय अनेक जण सुचवतात. जाणकाराला त्यांचा फारसा अडथळा होत नाही. त्यांच्यावर विसंबून पासवर्ड ढिला ठेवणे तर आत्मघातकीच.

जागेचाही विचार हवा. राऊटर दाराजवळ किंवा टीव्हीच्या कपाटात बसवला जातो, कारण तार तेथे पोहोचते. मग आतल्या खोलीत वेग मिळत नाही म्हणून तक्रारी सुरू होतात. राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि धातूच्या वस्तूंपासून दूर असावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेग अधिक देतो, पण काँक्रीटच्या भिंतीपुढे लवकर हार मानतो. २.४ गिगाहर्ट्झचा दूर जातो, मात्र त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन म्हणजे १, ६ आणि ११. एकेका मजल्यावर सहा-सहा सदनिका असलेल्या संकुलात या तीन वाहिन्यांवर किती गर्दी होत असेल, याची कल्पना करावी. तेव्हा मंदावलेल्या वेगाचा दोष दर वेळी पुरवठादाराचाच असतो असे नाही.

शेजारधर्माचे काय?

एवढी कडेकोट व्यवस्था हवीच कशाला, असा प्रश्नही गंभीरपणे विचारला गेला आहे. आणि तो विचारणारा सामान्य माणूस नव्हता. विख्यात सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी जानेवारी २००८ मध्ये, आपण घरचे वाय-फाय मुद्दाम उघडे ठेवतो, असे लिहिले होते. आल्यागेल्याला इंटरनेट देणे हा साधा शिष्टाचार आहे आणि आपला संगणक स्वतःच सुरक्षित असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका उदार आहे आणि आपल्या अतिथ्यशील मनाला भावणारीही आहे. परंतु त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत सानपाड्याची घटना घडली. गुन्ह्याच्या तपासाचा ससेमिरा मागे लागलेल्या माणसाला शिष्टाचाराचा युक्तिवाद कितपत उपयोगी पडला असता?

सुदैवाने आता मध्यममार्ग उपलब्ध आहे. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे सुरू करता येते. त्याला वेगळा पासवर्ड देता येतो, तो अधूनमधून बदलता येतो आणि घरातील संगणक व कागदपत्रे त्या जाळ्यापासून अलग राहतात. कॅमेरे आणि ‘स्मार्ट’ म्हणवणारी इतर उपकरणेही याच जाळ्यावर ठेवणे शहाणपणाचे. अर्थात, बाहेरचा आयपी पत्ता दोन्ही जाळ्यांना एकच असतो. म्हणून पाहुण्यांचे जाळेही उघडे सोडून चालत नाही.

चोर आता दूर बसला आहे

२००८ मध्ये जाळे वापरण्यासाठी त्या माणसाला इमारतीच्या आसपास यावे लागले होते. आता तीही आवश्यकता उरलेली नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राऊटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मे २०१८ मध्ये ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणांना, त्यातही प्रामुख्याने राऊटरना, ‘व्हीपीएनफिल्टर’ची लागण झाल्याचे आढळले आणि अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना राऊटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन करावे लागले. मे २०२५ मध्ये अमेरिकेने उघडकीस आणलेले प्रकरण तर थेट सानपाड्याची आठवण करून देणारे आहे. कालबाह्य झालेले घरगुती राऊटर ताब्यात घेऊन, त्या घरांच्या पत्त्यांआडून वावरण्याची सोय पैसे घेऊन विकली जात होती. तेव्हा एकाने जे चोरून केले, त्याचा आता रीतसर बाजार भरला आहे.

या धोक्यापुढे उत्तम पासवर्डही एकटा पुरा पडत नाही. राऊटरच्या अंतर्गत प्रणालीत दोष सापडत राहतात आणि निर्माता त्यावर सुधारणा देत असतो. पण काही वर्षांनी त्या मॉडेलला सुधारणा मिळणे थांबते. दिवा लुकलुकत राहतो, इंटरनेट चालत राहते, आणि आपल्याकडील यंत्र बेवारस झाले आहे याचा ग्राहकाला पत्ताही नसतो.

जबाबदारी कोणाची?

येथे खरा धोरणात्मक प्रश्न उभा राहतो. गृहिणी, निवृत्त कर्मचारी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी प्रत्येकाने संगणकतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा अवास्तव आहे. नळाचे पाणी शुद्ध आहे की नाही हे प्रत्येक घराने प्रयोगशाळेत तपासावे, असे आपण म्हणत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२० पासून अशा उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तसाच कायदा लागू आहे. शिवाय उपकरणाला किती काळ सुरक्षा सुधारणा मिळतील, हे तेथे विक्रेत्याला आधीच सांगावे लागते. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते. राऊटरच्या खोक्यावर ती का असू नये?

आपल्याकडे राऊटर बहुधा सेवा पुरवठादारच बसवतो. त्यामुळे सुधारणेची सूत्रेही त्याच्याच हाती आहेत. प्रत्येक राऊटरला वेगळा आणि लांब पासवर्ड देणे, तिजोरीची किल्ली ग्राहकाच्या स्वाधीन करणे, सुधारणा आपोआप होतील अशी व्यवस्था ठेवणे आणि मुदत संपलेले यंत्र बदलून देणे, ही त्याची जबाबदारी मानली गेली पाहिजे. तंत्रज्ञाने दारात उभे राहून ‘मोबाइल नंबरच ठेवू का?’ असे विचारणे बंद झाले, तरी बरेच काही साधेल.

तोपर्यंत मात्र आपल्या घराची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल. रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी लागली आहे की नाही, हे आपण न चुकता पाहतो. भिंतीवर लुकलुकणाऱ्या त्या पेटीलाही एक दार आहे आणि ते रस्त्यावर उघडते. त्याची कडी लावण्यास पंधरा मिनिटे पुरतात. सानपाड्यातील त्या सदनिकेच्या दारात पोलीस उभे राहिले, तेव्हा मात्र ती पंधरा मिनिटे हातातून निघून गेली होती.