एकेक ओळ, सर्वांदेखत

"वाजवायचं ते घरून बसवून आणावं. चारचौघांत टायपिंग कसलं करता?" आमच्या परिचयाचे एक गृहस्थ म्हणाले. रोख होता 'लाइव्ह कोडिंग'वर. यात वादक संगणकावर एक ओळ लिहितो, ती वाजू लागते. वाजता वाजताच तो ती बदलतो, आणि त्याचा पडदा श्रोत्यांना दिसतो. दिसलाच पाहिजे, असा आग्रह धरणारी 'टॉपलॅप' ही संघटना २००४ साली हॅम्बर्गला निघाली.

गृहस्थांचं सोडा. माझं खरं भांडण आहे ते या कलेतल्याच काही शहाण्यांशी. चौघांनी मिळून वाजवायचं ठरतं आणि हे महाशय घरून दोनशे ओळींचं बाड घेऊन येतात. एक कळ दाबली की धडाड्धूम! बाकीचे तिघे बिचारे वरातीत चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारखे बघत राहतात. अहो, हात धरायला जागा तर ठेवा! तुम्ही नुसता ठेका टाका, दुसरा त्यावर खर्ज धरील, तिसरा म्हणेल, "दर चौथ्या आवर्तनाला ठेका उलटा फिरू दे." मेक्सिको सिटीतले लोक कोऱ्या पडद्यापासून सुरू करतात आणि नऊ मिनिटांत आटोपतात. त्यांना नाही वाटत लाज!

पहिली दोन मिनिटं नुसतंच ठक्‌ठक् होतं, कबूल. पण आपल्याकडे तबलजी हातोडी घेऊन ठोकाठोक करतो तेव्हा आपण उठून जातो का? (चहाला जातो, ते वेगळं.)

शिवाय यात आपलाही थोडा वाटा आहे. लखनौच्या तबल्याचे कायदे अभ्यासण्यासाठी बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी १९८०च्या दशकात 'बोल प्रोसेसर' रचला. लाइव्ह कोडिंगची 'टायडल' भाषा करणाऱ्या अ‍ॅलेक्स मॅक्लीनने पुढे त्यातून प्रेरणा घेतली. आणि कायदा म्हणजे तरी काय? मूळ बोल आधी उघड सांगायचे, मग एकेक पलट्याने वाढवत न्यायचे. सगळे पलटे एकदम अंगावर फेकले, तर त्याला कायदा नव्हे, दंगल म्हणतात.

"पण सर्वांदेखत चुकलं तर?" चुकू द्या की! टायडलमध्ये ओळीत कंस राहिला तर संगणक ती ओळ नाकारतो आणि आधीची चाल तशीच वाजत ठेवतो. एवढा समजूतदार साथीदार मिळाल्यावर घरून बाड कशाला आणायचं, हे मला कुणीतरी सांगावं.