इंग्रजीचा अपठित उतारा आणि पाथर्डीची मुले

पाथर्डी : राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेची सुरुवात इंग्रजीच्या पेपरने होते. तो पार पडला, की तालुक्यातील घराघरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. गेल्या काही वर्षांत मात्र ही सुटका तात्पुरती ठरू लागली आहे. पदवीच्या अनेक अभ्यासक्रमांचा प्रवेश आता बारावीच्या गुणांऐवजी सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि त्या परीक्षेत इंग्रजी पुन्हा समोर उभे राहते. तेथे पाठ्यपुस्तकातील धडा नसतो, गाइडमधील उत्तर नसते. पूर्वी कधीही न वाचलेला एक उतारा असतो आणि त्याखाली चार-चार पर्यायांचे प्रश्न असतात. वर्षभर इंग्रजीचा ‘अभ्यास’ केलेला विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो. या अडखळण्याची कारणे विद्यार्थ्याच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे ठरेल. ती आपण इंग्रजी कसे शिकवतो, यात आहेत.

परीक्षा बदलली

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी ‘सीयूईटी’ ही परीक्षा २०२२ पासून सुरू झाली. दिल्ली विद्यापीठासारख्या संस्थेत पूर्वी बारावीच्या टक्केवारीवर प्रवेश मिळत असे. आता बारावी ही पात्रता उरली असून गुणवत्ता यादी या परीक्षेवर ठरते. २०२५ पासूनच्या रचनेनुसार प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद, आणि त्यातच उतारा वाचण्याचा वेळ धरायचा.

राज्यातही चित्र बदलले. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्य सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी २०२४ मध्ये प्रथमच प्रवेश परीक्षा घेतली. त्या परीक्षेतील १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजी भाषेचे होते आणि संपूर्ण परीक्षेचे माध्यमही इंग्रजीच होते. प्रतिसाद इतका अपुरा होता, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची ‘क्लॅट’ तर २०२० पासून जवळजवळ पूर्णपणे उताऱ्यांवर आधारलेली आहे. मुंबई, नागपूर आणि शेजारच्या छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या पदवीचा मुख्य मार्ग याच परीक्षेतून जातो.

यातील एक विसंगती सहसा लक्षात घेतली जात नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ मराठीतून देता येते. अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ही २०२१ पासून मराठीतून उपलब्ध आहे. शिवाय विज्ञान शाखेचा विद्यार्थी अकरावी-बारावीची दोन वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राची पुस्तके इंग्रजीतच वाचतो. उलट इंग्रजी आकलनाची कसोटी लावणाऱ्या परीक्षा आहेत त्या मुख्यतः व्यवस्थापन, विधी आणि मानव्य विद्यांच्या. त्यांच्याकडे वळणारा ग्रामीण विद्यार्थी बहुधा कला किंवा वाणिज्य शाखेचा असतो आणि त्याच्या हाती वर्षभर इंग्रजीचे पुस्तक असते ते एकच, ‘युवकभारती’. ज्याचे इंग्रजी वाचन सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला इंग्रजी वाचनाची सर्वांत कठीण परीक्षा आली आहे.

दोन उतारे, दोन कसोट्या

महाराष्ट्रात तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या निर्णयाने २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आज बारावीत असलेल्या प्रत्येक मुलाने बारा वर्षे इंग्रजी हा विषय घेतलेला आहे. तरीही ‘असर’च्या २०२३ मधील पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांनाच इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. ही पाहणी देशातील २८ जिल्ह्यांपुरती होती. तिचा आणखी एक निष्कर्ष अधिक गंभीर आहे : याच वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या प्रादेशिक भाषेतही सहज वाचता येत नव्हता. आकलनाचा प्रश्न इंग्रजीच्याही आधी सुरू होतो, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

बारावीच्या कृतिपत्रिकेत उतारा नसतो असे नाही. पाठ्यपुस्तकातील उतारा असतो, अपठितही असतो. परंतु पहिल्याची उत्तरे वर्गात फळ्यावरून उतरवून घेतलेली असतात. दुसऱ्यात प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधून ती ओळ उत्तरपत्रिकेत लिहिली, की बरेच गुण पदरात पडतात. प्रवेश परीक्षेचा उतारा या शब्दशोधालाच सापळा लावतो.

एक उदाहरण घेता येईल. समजा, उतारा दुष्काळी भागातील विहिरींविषयी आहे. शेतकरी दर दोन-तीन वर्षांनी विहीर आणखी खोल करतो, खर्च वाढतो, पाणी काही महिने टिकते आणि शेजाऱ्याची विहीर आटते, एवढेच लेखक सांगतो. लेखकाचा रोख कशावर आहे, असा प्रश्न येतो. ‘विहीर खोल केल्याने पाणी टिकते’ या पर्यायात उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे असतात. ‘एकट्याने शोधलेला उपाय गावाचा प्रश्न सोडवत नाही’ या पर्यायातील एकही महत्त्वाचा शब्द उताऱ्यात नसतो. बरोबर उत्तर दुसरे असते. पाथर्डीतील मुलाला विहीर, बोअर आणि टँकर यांचे अर्थशास्त्र कुणी शिकवावे लागत नाही. हाच उतारा मराठीत दिला, तर तो उत्तर सांगून मोकळा होईल. इंग्रजीत तो पहिला पर्याय निवडतो, कारण ओळखीचा शब्द धरून उत्तर लिहिण्याची सवय त्याला शाळेनेच लावलेली असते.

वाचन नेमके कोठे अडते

शब्दसंग्रह तोकडा आहे, हे सर्वसाधारण निदान. ते खरे असले तरी अपुरे आहे. अडचण वाक्यरचनेतही आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ अशा जोड्यांनी वाक्याचे भाग स्पष्ट वेगळे होतात. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एक संपूर्ण उपवाक्य शिरते. लांब वाक्यात मुख्य क्रियापद कोणते, हेच विद्यार्थ्याला सापडत नाही आणि कोणी काय केले याचा धागा सुटतो. ‘ऑलदो’, ‘डिस्पाइट’, ‘अनलेस’ यांसारखे जोडशब्द व्याकरणाच्या तासाला वाक्य बदलण्यापुरते शिकवले जातात. उताऱ्यात तेच शब्द लेखकाच्या विचाराची दिशा पालटतात, हे कुणी दाखवून देत नाही. ‘हार्डली’ या शब्दात ‘हार्ड’ दिसतो म्हणून ‘कठीणपणे’ असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात तेथे जवळजवळ नकार असतो. एवढ्या एका शब्दाने उताऱ्याचा अर्थ उलटा होतो आणि चार प्रश्न चुकतात.

कोयत्याचे वर्ष

पाथर्डी तालुक्यात या प्रश्नाला स्थलांतराची जोड आहे. दिवाळीनंतर तालुक्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बारावीच्या अभ्यासाचे ऐन महिने तेच. मागे राहिलेल्या मुलाकडे, आणि त्याहून अधिक मुलीकडे, आजी-आजोबा, धाकटी भावंडे आणि जनावरे यांची जबाबदारी असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे असा तिचा आराखडा असून पहिल्या टप्प्यात पाथर्डीचा समावेश होता. निवारा आणि जेवण यांची सोय ही पहिली पायरी. संध्याकाळी वाचायला पुस्तक आणि समजावून सांगायला माणूस ही दुसरी. दुसरी नसेल तर पहिलीचे फळ अर्धेच मिळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बारावीच्या परीक्षेतील गैरप्रकारांच्या बातम्यांमुळे हा तालुका वारंवार चर्चेत आला. त्याचा डाग प्रामाणिक विद्यार्थ्यांनाही सोसावा लागला. आचार्य आनंदऋषींच्या प्रेरणेने १९२३ मध्ये सुरू झालेल्या तिलोक जैन विद्यालयापासून बाबूजी आव्हाड महाविद्यालयापर्यंत शिक्षणाची परंपरा असलेल्या गावाला हे भूषणावह नाही. बारावीला कॉपीने मिळालेले गुण संगणकावरच्या प्रवेश परीक्षेत मदतीला येत नाहीत. उलट, आपल्याला इंग्रजी येते असा खोटा दिलासा त्या गुणांनी पालकांना दिलेला असतो आणि तो मोडतो तेव्हा वर्ष हातचे गेलेले असते.

सराव म्हणजे काय?

प्रवेश परीक्षा जवळ आली, की सरावसंचांची खरेदी सुरू होते. महिनाभरात ३०-४० संच सोडवले, तरी गुण हलत नाहीत, अशी तक्रार मग ऐकू येते. यात नवल नाही. सरावसंच विद्यार्थी कोठे आहे ते मोजतो. त्याला पुढे नेत नाही. ताप मोजल्याने उतरत नाही. उतरवायचा असेल, तर प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाशी थांबावे लागते. उत्तर उताऱ्यातील कोणत्या वाक्यावर उभे होते, आपण निवडलेला पर्याय का मोहक वाटला, कोणता जोडशब्द नजरेतून सुटला, याची नोंद वहीत झाली तरच पुढचा उतारा सोपा होतो. दिवसाला एकच उतारा, २० मिनिटे, आणि वाचून झाल्यावर त्याचा सारांश मराठीत दोन वाक्यांत सांगणे, एवढी शिस्त दहा संचांपेक्षा अधिक उपयोगी पडते. सारांश मराठीत सांगता आला नाही, तर उतारा समजलेलाच नाही, हे तेथल्या तेथे कळते. यासाठी शहरातील महागड्या क्लासची गरज नाही. सुमारे ५० किलोमीटरवरच्या अहिल्यानगरला रोज ये-जा करणे अनेकांना परवडतही नाही.

विद्यार्थ्यांपर्यंत न पोचलेली आणखी एक माहिती आहे. सीयूईटीतील १३ भाषांत मराठीचाही समावेश आहे. काही अभ्यासक्रमांना इंग्रजीच लागते. परंतु अनेक ठिकाणी यादीतील कोणतीही एक भाषा चालते. संबंधित विद्यापीठाची अट वाचून हा निर्णय अर्ज भरतानाच घेता येतो. मराठी निवडली म्हणून पेपर आपोआप सोपा होत नाही, कारण तेथेही अपठित उतारेच असतात. पण लढाई निदान आपल्या मैदानावर होते.

जबाबदारी कोणाची?

व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेत मराठीचाही पर्याय असावा, ही मागणी रास्त आहे. पदवीचे शिक्षणच इंग्रजीतून असल्याने परीक्षाही इंग्रजीतून हवी, हा त्यावरचा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. इंग्रजी न वाचता येणारा विद्यार्थी प्रवेश मिळूनही पहिल्या वर्षी मागे पडू शकतो. पण या युक्तिवादातून एक कर्तव्यही निघते. जे कौशल्य प्रवेशाची अट म्हणून मागितले जाते, ते शिकवण्याची सोय सरकारी आणि अनुदानित शाळांत असली पाहिजे. आठवीपासून आठवड्याला दोन तास निव्वळ वाचनाचे, ज्यात गाइड नाही आणि फळ्यावरचे उत्तर नाही, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी इयत्तेला साजेशी सोपी इंग्रजी पुस्तके आणि एक इंग्रजी दैनिक ठेवले, तर त्याचा खर्च फार नाही.

कनिष्ठ महाविद्यालयांनी हे काम बारावीच्या जानेवारीत हाती घेऊन भागणार नाही. त्या वेळी आई-वडील फडावर असतात, घराचा भार मुलावर असतो आणि मंडळाची परीक्षा महिन्यावर आलेली असते. अकरावीच्या जूनमध्ये, कोयते बाहेर पडण्याआधी पाच महिने, पहिला उतारा मुलाच्या हाती पडला पाहिजे.